माल दुसऱ्याचा, बोट दुसऱ्याची. तुरुंग मात्र डहाणू-तलासरीच्या खलाशाला!

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला फिरायला गेले. सहलीचा खर्च नात्यातल्याच एका बाईने केला होता आणि सोबत नेण्यासाठी एक पुडकेही दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडले. बायको गरोदर होती. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलगी तुरुंगातच जन्मली.

इकडे नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. एनसीबीने तपास केला, फसवणाऱ्यांना पकडले, पुरावे कतारपर्यंत पोचवले. तिथल्या वरच्या न्यायालयाने खटल्याचा फेरविचार करायला लावला. मार्च २०२१ मध्ये दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये लेकीसह मुंबईत परतले. पुढे २०२३ मध्ये मुंबईची एक अभिनेत्री शारजात अडकली. तिच्या हाती दिलेल्या ट्रॉफीत अमली पदार्थ लपवलेले होते. मुंबई पोलिसांनी ट्रॉफी देणाऱ्यांना गाठले आणि तिचीही सुटका झाली.

ही माणसे सुटली याचा आम्हाला आनंदच आहे. पण ती का सुटली, हे नीट समजून घ्या. कुणीतरी तीन प्रश्न विचारले. माल कोणाचा? तो यांच्या हाती कोणी दिला? यांना तो माहीत होता का? हे प्रश्न आपोआप विचारले जात नाहीत. आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदासुद्धा माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याला तो माहीत होता असेच धरून चालतो. माहीत नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. परदेशातल्या कोठडीत, परक्या भाषेत, हे एकट्या माणसाने कसे सिद्ध करायचे? त्याच्या मागे घर, वकील, पोलीस आणि सरकार उभे राहिले तरच ते शक्य होते.

आता हेच तीन प्रश्न घेऊन डहाणू-तलासरीत या.

इथले आदिवासी तरुण दर पावसाळ्यात लावणी उरकली की वेरावळ, पोरबंदर, ओखा, मांगरोळ इथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तलासरी तालुक्याला झाईची किनारपट्टी सोडली तर समुद्रच नाही. म्हणजे हा पिढीजात दर्यावर्दी नव्हे. हा डोंगर-शेताचा माणूस आहे, पोटासाठी बोटीवर चढलेला. बोट शेठची. सुकाणू तांडेलाच्या हातात. जीपीएस तांडेलापुढे. खलाशाचे काम जाळे ओढणे, मासळी निवडणे आणि बर्फात भरणे. बोट किती मैलांवर न्यायची हे त्याला कोणी विचारत नाही.

मग एके दिवशी पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते. आरोप अमली पदार्थांचा नाही, हद्द ओलांडल्याचा. पण न्यायाचा प्रश्न तोच आहे. हद्द कोणी ओलांडली? बोट कोणाच्या सांगण्यावरून तिथे गेली? याला ते माहीत होते का? दोहाच्या जोडप्यासाठी विचारले गेलेले हे प्रश्न कराचीच्या मलीर तुरुंगातल्या वारली खलाशासाठी कोण विचारतो?

काही मंडळी म्हणतील, हा पाकिस्तानचा दोष आहे. दोष आहेच. समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचे ७३ वे कलम सांगते की अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही आणि पकडलेली बोट व माणसे जामिनावर लवकर सोडावी लागतात. हा करार दोन्ही देशांनी मान्य केला आहे. २००८ चा भारत-पाकिस्तान करार सांगतो की शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात माणूस परत पाठवायचा. प्रत्यक्षात १ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते, आणि शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ मच्छीमार व इतर कैद्यांना सोडा अशी मागणी भारत सरकारला करावी लागली. त्याच दिवशी आपल्या तुरुंगांत पाकिस्तानचे ८१ मच्छीमार होते. म्हणजे दोन्हीकडे गरिबाचे पोर हे सौदेबाजीचे नाणे झाले आहे. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती कैद्यांसाठी नेमलेली आहे. तिची शेवटची भेट २०१३ मध्ये झाली. त्यानंतर ती बसवण्यासाठी कोणत्या राष्ट्रभक्ताने घसा कोरडा केला?

मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. त्याचा मृतदेह घरी यायला सुमारे दीड महिना लागला. जिवंतपणी ज्याला सरकार आणू शकले नाही, त्याच्या प्रेतालाही वाट पाहावी लागली.

दुसरा युक्तिवाद असा की, ‘पैसे मिळतात म्हणून स्वखुशीने जातात, कोणी जबरदस्ती केली का?’ ही ‘स्वखुशी’ आम्ही ओळखतो. याच भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस जमीनदाराचा ‘लग्नगडी’ व्हायचा. तेव्हाही अंगठा तोच उठवायचा आणि तेव्हाही सावकार म्हणायचा, मी कुठे बोलावले होते! त्याविरुद्ध १९४५ साली झरीच्या परिषदेपासून वारल्यांनी उठाव केला आणि वेठ मोडली. आज तांडेल पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यात येऊन उचल देतो, ती घरखर्चात आणि औषधपाण्यात संपते, आणि मग बोटीवर जाण्यावाचून पर्याय उरत नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात नेमका हाच प्रश्न उभा केला होता: ज्याला काम नाही त्याच्यापुढे नोकरी आणि मूलभूत हक्क यांत निवड ठेवली, तर तो काय निवडेल? भुकेने केलेल्या निवडीला स्वातंत्र्य म्हणणे ही शोषकांची भाषा आहे. संविधानाचे २३ वे कलम वेठीला बंदी करते, ते याच भाषेला उत्तर म्हणून.

आणि मित्रांनो, ‘हा आदिवासींचा प्रश्न, मच्छीमारांचा प्रश्न, आपला काय संबंध?’ असे चळवळीतल्या कोणी म्हणू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते, ते एका जातीच्या मजुरांचे नव्हते. आज बोटीवर वारली आहे. उद्या आखातात नोकरी देतो म्हणून एजंट आपल्या वस्तीत येईल, तिकीट काढून देईल आणि जाताना एक पुडके हातात ठेवेल. परदेशी तुरुंगांत आज दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत.

मग करायचे काय? निवेदन देऊन फोटो काढणे पुरे झाले. आमचे म्हणणे असे:

१. डहाणू आणि तलासरी हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत. पेसाखाली प्रत्येक ग्रामसभेने बोटीवर जाणाऱ्याची नोंदवही ठेवावी: नाव, बोटीचा नोंदणी क्रमांक, शेठ, तांडेल, बंदर, घेतलेली उचल. माणूस पकडला गेला की ओळख पटवायला कागद तयार हवा. ओळख पटली नाही की सुटका लांबते.

२. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर फोटोसह पासबुक देण्याची जबाबदारी टाकली. राज्याबाहेरच्या बोटीसाठी पाड्यातून माणूस नेणारा तांडेल कंत्राटदारच आहे. बोट पकडली तर खलाशाचा पगार सुटकेपर्यंत चालू ठेवणे हे शेठवर बंधनकारक करा. गुजरात सरकार कैदेतल्या मच्छीमाराच्या कुटुंबाला रोज ३०० रुपये देते. पालघरच्या घरालाही असा भत्ता बायकोच्या खात्यात दर महिन्याला, तिने हेलपाटे न घालता मिळाला पाहिजे.

३. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रत्येक कैद्याच्या घरच्यांचा अर्ज गेला पाहिजे. हे अर्ज भरणे हे आपल्या वकिली शिकणाऱ्या पोरांचे काम आहे.

४. न्यायाधीशांची समिती पुन्हा बसवा, हा प्रश्न पालघरच्या खासदाराने संसदेत विचारावा. विचारत नसेल तर मत मागायला येईल तेव्हा पाड्यातल्या बायांनी त्याला विचारावा.

मुंबईच्या त्या जोडप्याला न्याय मिळाला, कारण त्यांच्यासाठी कोणीतरी फाईल घेऊन दारोदार फिरले. डहाणू-तलासरीच्या खलाशाची फाईलच अजून तयार नाही. ती तयार करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेत नोंदवहीचा ठराव मांडा.

जयभीम! जोहार!