पायाखालचा उतार किती अंशांचा? हिमस्खलनाचा धोका कसा ओळखतात?

गुलमर्गजवळच्या अफरवट शिखरावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. आखलेला मार्ग सोडून ताज्या बर्फात उतरणाऱ्यांनी आधी एक आकडा बघायचा असतो: उताराचा कोन.

बर्फाची सलग लादी सुटते ती बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. ३८ अंशांच्या आसपास धोका सर्वाधिक. त्याहून खूप उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. पंचाईत अशी, की स्कीइंगची खरी मजाही याच ३० ते ४५ मध्ये!

नुसत्या नजरेचा अंदाज इथे हमखास चुकतो. म्हणून स्कीची काठी उतारावर वरून खाली अशी टेकवायची, तिच्यावर मोबाइल ठेवायचा आणि ॲपमधला कोन वाचायचा. काठीमुळे बारीक खड्डे-उंचवट्यांनी आकडा बिघडत नाही. मात्र हे मोजण्यासाठी संशयित उतारावरच जाऊन उभं राहणं म्हणजे विस्तव गरम आहे का, हे हात घालून बघणं. शेजारच्या तशाच छोट्या, सुरक्षित उतारावर मोजावं, किंवा कडेला दूर उभं राहून. ॲपच्या नकाशांत लहान, उभे टप्पे निसटतात.

आणि पायाखाली २० अंश असले, पण डोक्यावर ३८ असले, तर वर सुटलेला बर्फ खालपर्यंत येऊ शकतो.