सहल बंद करू नका, बेत नीट करा



यंदा आपली सहल कळसूबाईला न्यायची की नाही, यावर मोठी माणसे बोलत आहेत. पुष्कळ पालक नको म्हणतात. मला वाटते, सहल गेलीच पाहिजे. पण मागच्या वर्षीसारखी नको.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. पायथ्याला बारी गाव आहे. तिथून पायवाट निघते. मध्ये उभा कातळ लागतो, तिथे लोखंडी शिड्या आहेत. वर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. वरून भंडारदऱ्याचे पाणी आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात. पुस्तकात वाचलेले मी विसरतो, पण हे विसरलो नाही.

मागच्या वर्षी काय झाले ते खरे सांगतो. गाडी उशिरा आली. चढायलाच साडेदहा वाजले. वर पोचलो तेव्हा अडीच झाले होते. खाऊन निघायला साडेतीन झाले. उतरायला तीन तास लागले. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचा अर्धा तास आम्ही अंधारात चाललो. बाईंकडे एकच बॅटरी होती.

आणखी एक गोष्ट आहे. माझी बाटली पहिल्या शिडीपाशीच संपली. तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलीने मला तिचे पाणी दिले. मी घटाघटा पिऊन टाकले. उतरताना तिला चक्कर आली. आता तिची आई म्हणते, "नको गं बाई, पुन्हा नाही पाठवायची." चूक माझी, आणि सहल तिची बुडणार. हे काही बरोबर नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे.

पहिले, उजाडताच सात वाजता चढायला लागावे. चार तास धरले तर अकराला वर. एक तास विश्रांती. बारा वाजता निघालो की तीनपर्यंत बारीत. हे गणित मी पाटीवर मांडून पाहिले आहे.

दुसरे, बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचे. शिखर राहिले तरी चालेल. शिखर कुठे पळून जाते?

तिसरे, प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी न्यावे आणि घोटघोट प्यावे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. मागे एक मोठे माणूस हवेच.

चौथे, हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे आपण पाहुणे. पुड्या, कागद टाकायचे नाहीत. माकडांना खाऊ द्यायचा नाही, नाहीतर ती पिशव्या ओढतात.

पालकांनो, तुम्ही बैल जुंपण्याआधी जू, दोर सगळे बघता ना? मग सहलीचेही तसेच बघू. तुमच्यापैकी दोघे-तिघे आमच्याबरोबर चला.

आणि त्या मुलीच्या आईला माझी विनंती आहे. काकू, तिला पाठवा. या वेळी मी तिच्यासाठी तिसरी बाटली घेईन.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी