रक्तदाबाला गावाची वेस नाही



शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. पाण्यापाठोपाठ माणसेही गेली. आसनगाव, आटगाव, कसारा येथून पहाटेची गाडी पकडून पुष्कळजण नोकरीला जातात, मुरबाडकर एस.टी.ने कल्याण गाठतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कोणी शहरातच बिऱ्हाड करतो आणि काही वर्षांनी घरचे म्हणतात, "मुंबईचे पाणी लागले, बी.पी. वाढले." पण मुंबई पिते ते पाणी आपल्याच तानसा-भातसाचे! मग बदलले काय?

आधी रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर '१२०' म्हणतात तो १२० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाचा दाब होय. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. म्हणजे हा दाब सुमारे १६३ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरील. आकडा १४० झाला, की तोच स्तंभ १९० सेंटिमीटरवर जातो. तुमचे मुठीएवढे हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक वेळी एवढा जादा भार पडला, तर हृदय, मेंदूतील रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे झिजणारच. बहुधा दुखत-खुपत काही नाही, म्हणून ते कळतही नाही.

गाव सोडल्याने दाब खरोखर वाढतो का? केनियात लुओ जमातीच्या लोकांची अशी पाहणी झाली; ती १९९० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातून नैरोबी शहरात गेलेल्यांचा रक्तदाब गावी राहिलेल्यांपेक्षा जास्त आढळला, आणि ही वाढ काही महिन्यांतच दिसू लागली. त्यांच्या लघवीत पोटॅशियमच्या मानाने सोडियमही वाढलेले होते. माणसे त्याच जमातीची, रक्तही तेच. आहार मात्र बदलला होता.

सोडियम मिळते मुख्यतः मिठातून. ते वाढले, की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाबही वाढतो. पालेभाज्या, फळे, कडधान्ये यांतील पोटॅशियम सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते. गावी टाकळा, कुर्डू, शेवळी खाणारा माणूस शहरात वडापाव आणि फरसाणावर दिवस काढतो. त्यात अपुरी झोप, तंबाखू आणि बैठे काम यांची भर पडते.

तथापि, सगळा दोष शहरावर टाकणे मला मान्य नाही. आज गाव न सोडताही शहर घरी आले आहे. पाड्यावरच्या दुकानात खारी पाकिटे लटकत असतात. दोन फर्लांगांसाठीही मोटारसायकल लागते. 'बी.पी. हा शहरवाल्यांचा आजार' ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. ती बाळगणारा माणूस रक्तदाब मोजतच नाही.

यात तुम्हाला करण्याजोगे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे. घरात महिन्याला किती मीठ लागते ते लिहा, माणसांच्या व दिवसांच्या संख्येने भागा, आणि उत्तर घरच्यांना दाखवा. पाकिटांतले मीठ वेगळे, हे विसरू नका. सणासाठी किंवा भट्टीवरून घरी आलेल्या मोठ्या माणसांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. एकाच मोजणीवरून घाबरायचे नाही; पुन्हा पुन्हा १४० / ९० किंवा अधिक आले, तर डॉक्टर सांगतील ते करायचे आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तेथे बैल घेणारा त्याचे दात पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. बैलाची एवढी पारख करणाऱ्या आपण घरच्या कर्त्या माणसाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी पाहू नये काय?