चित्रातले शस्त्र वाचताना

वलगावच्या आमच्या बैठकीत एक जुनी दिनदर्शिका असे. तीवरील मराठा वीराच्या हाती पट्टा होता. पण मनगट वाकलेले आणि पाते भलतीकडेच वळलेले. पाहताना काहीतरी खटके. कारण उमगायला बरीच वर्षे जावी लागली. पट्ट्याची मूठ कोपराखालचा हात झाकते. आतली आडवी दांडी धरली की मनगट वळतच नाही, पाते हाताच्या रेषेतच राहते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी खेळ जोपासते आहे. आखाड्यात दांडपट्टा पाहिलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्र पाहताना नजर आधी पात्याकडे धावते. माझ्या मते ती प्रथम मुठीवर स्थिरावावी. पाते वक्र नि मुठीच्या शेवटी चकती, तर तलवार. पाते लांब, सरळ नि बोटे झाकणारी परज, तर धोप वा फिरंग. दोन समांतर पट्ट्यांमध्ये आडवी मूठ ही कट्यारीची खूण. दोरी बांधलेला भाला म्हणजे विटा. ‘फिरंग’ या नावातच युरोपातून येणाऱ्या पात्यांच्या व्यापाराची आठवण आहे.

चित्रकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असावेच. परंतु प्रत्येक वीराच्या हाती एकच वक्र तलवार दिली, की तो व्यापार, ती कारागिरी आणि लढण्याची ती रीत चित्रातून पुसली जाते. आपण मात्र भक्तिभावाने हात जोडून मोकळे होतो.