मागचा दिवा कोणासाठी?

संध्याकाळी साडेसहाला आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा. एकेक गाडी गेटबाहेर पडते आणि भावी अभियंत्यांची कल्पकता झळकू लागते! कुणाच्या टेल लॅम्पवर काळी फिल्म, कुणी मागचं लांब मडगार्ड कापून नंबर प्लेट पार सीटखाली दुमडलेली, कुणाच्या गाडीखाली निळी पट्टी. पुढे मात्र असा प्रखर दिवा, की समोरच्याने डोळ्यांवर हातच धरावा. मित्रहो, माझं म्हणणं एवढंच आहे की आपण पैसा आणि डोकं दोन्ही गाडीच्या चुकीच्या टोकाला लावतोय.

कारण उघड आहे. हेडलाइट गेला की आपल्याला रस्ता दिसत नाही, म्हणून तो त्याच दिवशी दुरुस्त होतो. मागचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. तो गेला तरी पिकअप तेवढाच, ॲव्हरेज तेवढंच. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो, त्यामुळे तर अजून एक गैरसमज झालाय: पुढे उजेड आहे म्हणजे मागेही असणारच.

माझ्या मावसभावाला दोन वर्षांपूर्वी पेठ-सांगली रस्त्यावर रात्री टेम्पोने मागून घासलं. पायात अजून रॉड आहे. टेम्पोवाला पळून गेला नाही, उलट त्यानेच दवाखान्यात पोचवलं. "दिसलाच नाही हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मावशीकडचे सगळे त्याच्यावर चिडून होते. नंतर मी गाडीचा टेल लॅम्प उघडला. आत नेहमीचा २१/५ वॉटचा बल्ब. एकाच काचेत दोन तारा असतात, २१ वॉटची ब्रेकसाठी आणि ५ वॉटची रात्रभर जळण्यासाठी. मोठी तार शाबूत होती, छोटी तुटलेली. म्हणजे ब्रेक दाबला की दिवा झकास लागायचा, गॅरेजवालाही तेवढंच बघून "ओके आहे" म्हणायचा, आणि सरळ रस्त्यावर पोरगा अंधारात! टेम्पोवाला खोटं बोलत नव्हता, हे घरी पटवायला मला बराच वेळ लागला.

आता थोडं आपल्या विषयाचं. कार दोन दिव्यांची असते. जवळ जाऊ तसे ते दोन दिवे एकमेकांपासून लांब होताना दिसतात आणि त्यावरून मागच्याला अंतर कळतं. मोटारसायकलचा एकच ठिपका. तो पन्नास मीटरवर आहे की दीडशे, आणि आपण त्याच्याकडे किती वेगाने चाललोय, हे डोळ्याला पटकन समजत नाही. म्हणून नुसता ठिपका प्रखर करून काम भागत नाही, मागच्या बाजूला थोडी रुंदी आणि उंची यायला हवी. याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लाल परावर्तक टेप. मडगार्डवर, डिकीच्या दोन्ही कडांना आणि हेल्मेटच्या मागे. याला ना वायरिंग लागतं, ना बॅटरी. मात्र रेडियमवाल्याकडची प्रत्येक चकचकीत पट्टी कामाची नसते (आणि हो, त्यात रेडियम अजिबात नसतं!). अंधारात वीस पावलं मागे जा, मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरा. पट्टी पेटल्यासारखी दिसली तर घ्या, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करा. मागे पांढरी टेप नको, पांढरा उजेड म्हणजे समोरून गाडी येतेय असं वाटतं.

दुसरा उपाय एलईडी. साध्या बल्बची तार तापून उजळायला एलईडीपेक्षा साधारण ०.२ सेकंद जास्त लागतो. ताशी ६० किलोमीटरला हे सव्वातीन मीटर होतात. मागच्या माणसाला ब्रेक दाबायला तेवढा रस्ता जास्त मिळतो, म्हणजे दीड मोटारसायकलची लांबी! वर कंपनाने तुटायला तारच नाही. पण इथे एक गंमत आहे. लाल काचेमागे लाल एलईडीच चांगला, कारण पांढऱ्याचा बराच उजेड काच गिळून टाकते. पण बऱ्याच गाड्यांत त्याच बल्बचा उजेड खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबर प्लेटवर पडतो. लाल बल्ब लावला की नंबर प्लेटही लाल! तेव्हा खाली पांढरे आणि मागे लाल एलईडी असलेला बल्ब बघून घ्या. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर भार कमी झाल्याने वेड्यासारखा भराभर लुकलुकतो, तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकावा लागतो.

टेल लॅम्प कायमच ब्रेकइतका प्रखर करणारे काही महाभाग आहेत. ५ आणि २१ मधला फरक हीच त्या दिव्याची भाषा आहे राव! तो फरक पुसला तर मागच्याला तुम्ही ब्रेक दाबला हे कळणार कसं? सतत लुकलुकणाऱ्या ब्रेक लाइटबद्दलही माझं हेच मत आहे. लक्ष वेधतो, पण थांबताय की वळताय ते सांगत नाही. आणि काळ्या फिल्मबद्दल काय बोलायचं? दिवा आहे आणि वर पडदा.

आमच्याकडे ऊस हंगामात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, आपण फोटोत उभे राहतो, ट्रॅक्टरवाल्यांना अडाणी म्हणतो. त्याच मोहिमेला जाताना आपल्यातल्या किती गाड्यांचा मूळ लाल रिफ्लेक्टर मडगार्डसकट भंगारात गेलेला असतो? ट्रॅक्टरवाल्याला निदान तो कुणी बसवून दिला नव्हता. आपण मुद्दाम पैसे देऊन काढून घेतलाय.

बाकी तपासायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. आधी नुसता दिवा, मग पायाचा ब्रेक, मग हाताचा, भिंतीवरचा लाल उजेड प्रत्येक वेळी बघा. पायाच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगवर असतो, सैल झाला की अर्धा ब्रेक लागल्यावर दिवा लागतो, तो नट फिरवून जुळवता येतो. ब्रेक दाबल्यावर उजेड वाढण्याऐवजी कमी झाला तर बहुतेक अर्थ नीट लागत नाही, होल्डर गंजलेला असणार. पॉलिश पेपरने घासा.

शनिवारी चारनंतर मी वर्कशॉपमागच्या पार्किंगमध्ये असतो. मल्टीमीटर माझा, टेपचा अर्धा रोल शिल्लक आहे, बल्ब ज्याचा त्याने आणावा. फिल्म काढायला हेअर ड्रायर लागतो, तो कुणाकडे असेल तर घेऊन या. चहा कँटीनवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलाय.