इंग्रजीच्या वर्गात जगाचे कायदे

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातही या भाषेची ओढ घरोघरी वाढली. ती गैर नव्हे. प्रश्न एवढाच, की त्या भाषेत आपली मुले बोलणार काय? स्वतःचा परिचय आणि मुलाखतीची ठरावीक उत्तरे एवढ्यावरच अनेकदा शिक्षण संपते.

त्याऐवजी वर्गात देशोदेशींच्या कायद्यांची चर्चा व्हावी. फ्रान्सने १९९४ मध्ये जाहिराती व नोकरीच्या करारांत फ्रेंच भाषा बंधनकारक केली. हा स्वाभिमान अनुकरणीय आहे. त्याच देशाने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी घातली. तीत हिजाबाबरोबर शीख मुलांची पगडीही आली. म्हणजे परदेशी कायदा डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नसतो, हेही विद्यार्थ्याला उमगेल.

मग त्याची दृष्टी घराकडे वळावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाच्या निकालाचा अधिकृत मजकूर आजही इंग्रजीत असतो. आता काही निकालांचे अनुवाद मिळू लागले आहेत. तरी खानदेशातील शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा निकाल बहुधा दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. हे किती काळ चालावे?

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते कार्य परभाषा जाणणाऱ्यांवाचून अशक्य होते. आजच्या इंग्रजी शिकणाऱ्या तरुणाकडूनही हीच अपेक्षा आहे : जगाचे कायदे इंग्रजीत वाचावेत, स्वबुद्धीने पारखावेत आणि समाजाला मराठीत सांगावेत.