रात्री खोलीत कोणी नसते, मग सोय कोणासाठी?

संध्याकाळी सहानंतर आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळांतले एसी व डीह्युमिडिफायर बंद ठेवावेत, असे परिपत्रक एका संस्थेने ऐन जुलैत काढले. कारण अर्थातच वीजबचत. प्रत पाठवणाऱ्या वाचकाने सोबत जोडलेला दुसरा कागद जास्त वाचनीय आहे. डिप-पेनची खोली यातून वगळा, या त्यांच्या अर्जावर लेखा विभागाचा शेरा आहे: रात्री खोलीत कोणी नसते, मग सोय कोणासाठी?

रेणूंसाठी, साहेब. सोन्यावर एमएचए लिहिताना टिप आणि पृष्ठभाग यांच्यात पाण्याचा मेनिस्कस धरतो. हवा दमट झाली की एमएचएचा ओघ वाढतो आणि ठिपका फुगतो. ठिपक्याचे क्षेत्रफळ ड्वेल टाइमच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाने, या हिशेबावर आपले सगळे अंशांकन उभे असते. तो हिशेब खरा ठरतो ओघ स्थिर असला तरच. मोठे ॲरे रात्रभर चालतात. सहाला यंत्र बंद झाले की कोकणपट्टीतल्या खोलीत पावसाळी हवा शिरते, आणि पहिल्या ओळीतले व शेवटच्या ओळीतले ठिपके एकाच ड्वेल टाइमला वेगळ्या मापाचे निघतात. दिवसा काम उरका, हा सल्लाही त्याच शेऱ्यात आहे. दिवसभर आपटणारी दारे आणि वरखाली करणारी लिफ्ट एएफएमला किती मानवते, हे सल्लागारांनी एकदा येऊन पाहावे.

दुसऱ्या एका वाचकाचा डीह्युमिडिफायर बिघडला आहे. नव्याचा प्रस्ताव ‘शास्त्रीय उपकरणे’ या शीर्षाखाली गेला, तर वस्तू घरगुती म्हणून परत आला. ‘कार्यालयीन विद्युत वस्तू’खाली गेला, तर प्रयोगशाळेला ती कशाला, म्हणून परत. मंजुरी येईल तेव्हा ऑक्टोबर हीट सुरू झालेली असेल.

आता आपल्या घरचे. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत ‘सामान्य वातावरणात’ एवढेच लिहिलेले असते. रत्नागिरीचे वातावरण सामान्य, की सोलापूरचे? १९९९ साली नॉर्थवेस्टर्नमध्ये मिर्किन यांच्या गटाने डिप-पेन मांडले, तेव्हापासून मेनिस्कसची चर्चा आहे. २००२ साली शीहान आणि व्हिटमन यांनी ओडीटी अगदी कोरड्या हवेतही सोन्यावर उतरतो, हे दाखवले. ते दाखवता आले, कारण त्यांनी आर्द्रता ताब्यात ठेवली आणि आकडा छापला. ‘आम्ही ओडीटी वापरतो, आम्हाला आर्द्रतेचे काय’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात घ्यावे, की हेही कोणीतरी मोजले म्हणूनच कळले. मायक्रोकॉन्टॅक्टवाल्यांनीही गालात हसू नये. हेक्साडेकेनथायॉल स्टॅम्पच्या कडेबाहेर वाफेनेही पसरतो, आणि त्यांच्या नोंदींत बरेचदा स्पर्शकाळसुद्धा नसतो.

म्हणून, मंडळी, आजच्या रात्रीपासून नोंद ठेवा: शाई, टिप, ड्वेल टाइम, तापमान, आणि सुरुवातीची व शेवटची सापेक्ष आर्द्रता. यंत्र चालू असतानाची एक रात्र आणि बंद असतानाची एक, दोन्हींचे ठिपके मोजून आकडे आमच्याकडे पाठवा. दिवाळी अंकात त्यांचा तक्ता छापू. तो अर्जाला जोडा आणि लेखा विभागाकडून पोच घ्या. पुढच्या अंकापासून आर्द्रता न लिहिलेले हस्तलिखित परीक्षकाकडे जाणार नाही. खोलीत हायग्रोमीटरच नसेल, तर आधी तो आणा. त्याला निविदा लागत नाही.